एकाच जागी पाचवं पंक्चर: खडू, बॉलपेन आणि नेलपॉलिशने सायकलचं दुखणं शोधताना

पंक्चर काढलं, हवा भरली, दोन दिवस सायकल नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चाक पुन्हा जमिनीला टेकलेलं. चेनची कटकट, चाकाचा आउट (म्हणजे फिरताना रिमचं डावं-उजवं डुलणं), खाली खाली जाणारी सीट यांचंही तसंच. दुकानातून येतात तेव्हा बऱ्या असतात, आठवड्याभरात मूळपदावर.

आमच्या घरी तीन सायकली आहेत. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काळी २८ इंची, माझी लेडीज, आणि मुलाची २६ इंची गिअरवाली. राहतो सोलापूर जिल्ह्यात, कालव्याच्या कडेला. इथे वेडी बाभूळ रस्त्यावर यायला कुणाला विचारत नाही, आणि पावसाळा सरला की सराटे वाळून वाटच बघत बसलेले असतात. पंक्चर हा आमच्याकडे एक ऋतूच आहे म्हणा.

गेल्या कार्तिकात मुलाच्या मागच्या चाकाची तीन आठवड्यांत पाच पंक्चर झाली. पहिली दोन चौकातल्या दुकानात काढली, पुढची तीन मी घरी. पाचव्या वेळी वैतागून ट्यूब फुगवली, ओसरीत पसरली आणि पॅच कुठे कुठे बसलेत ते पाहत बसले. व्हॉल्व्हच्या एका बाजूला एक वीत चार बोटांवर तीन पॅच, एकमेकांना खेटून. दुसऱ्या बाजूला बरोबर तेवढ्याच अंतरावर दोन. आरशात बघावं तसं.

आधी काही कळेना. मग लक्षात आलं. दुकानात मागचं चाक काढतच नाहीत. टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढतात, पॅच लावतात, आत ढकलतात. त्यामुळे ट्यूब उलटी होण्याचा प्रश्नच येत नाही. मी मात्र घरी चाक काढून ट्यूब पूर्ण बाहेर घेतली होती आणि परत घालताना तिची चेनकडची बाजू डावीकडे गेली होती. ट्यूब उलटली, पण टायर होता तसाच होता. म्हणजे पाचही भोकं टायरमधल्या एकाच जागेने पाडली होती. आत काहीतरी रुतून बसलं होतं आणि आम्ही पाचही वेळा ट्यूबवर उपचार करत होतो.

ते काहीतरी निघालं जेमतेम तीन मिलिमीटरची पोलादी तार. ट्रकचे टायर फुटले की हायवेच्या कडेला अशा तारा पडतात. बाहेरून टायरवर काही दिसत नव्हतं. आतून बोट फिरवलं तरी लागत नव्हतं, कारण टायर सैल असताना ती रबरात दडून राहायची आणि हवा भरून वजन पडलं की टोचायची. सापडली ती कापसाने. कशी, ते पुढे सांगते.

त्या दिवसापासून सायकलला हात लावण्याआधी मी खूण करते. जमवाजमव फार नाही. शाळेचा खडू, शिंप्याचा चपटा खडू, बॉलपेन, इन्सुलेशन टेपचं भेंडोळं आणि कुणी वापरत नसलेल्या रंगाची नेलपॉलिशची बाटली. काळ्या रबरावर काळा मार्कर दिसत नाही, म्हणून परमनंट मार्करपेक्षा शिंप्याचा खडू मला जास्त उपयोगी पडला. त्याची कड धारदार असते, रेघ बारीक येते आणि टायरवर दोन-चार दिवस टिकते. व्हाइटनरही चालतं, तेवढं वाळू द्यावं लागतं.

पंक्चर: टायर उचकटण्याआधी

पहिली खूण चाक जागेवर असतानाच करायची. व्हॉल्व्ह रिममधून जिथे बाहेर येतो, त्याच्या समोर टायरच्या कडेवर खडूने एक रेघ. दुसरी खूण ट्यूब बाहेर काढताना लगेच: व्हॉल्व्हच्या बुडाशी, चेनच्या बाजूला, बॉलपेनने एक बाण. चेनच्या बाजूचा बाण चेनकडेच, एवढं एक पाळलं की ट्यूब उलटी होण्याचा घोळ संपतो. पुढच्या चाकाला चेन नसते, पण बाजू धरायची तीच, म्हणजे सायकलवर बसल्यावर उजवीकडची.

नवा टायर बसवताना मी आता त्याच्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असाच बसवते. हौशी सायकलवाल्यांच्या टायरवरचं नाव नेमकं व्हॉल्व्हपाशी दिसतं ते मला पूर्वी मिरवणं वाटायचं. ती कायमची खूण आहे, खडू पुसला गेला तरी राहते. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तोही तेव्हाच पाहून घ्या.

ट्यूब बाहेर आली की तिला नेहमीच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट फुगेल एवढी हवा भरा. मोठं भोक असेल तर आवाज येतो. बारीक असेल तर ट्यूब ओठांजवळून हळूहळू फिरवा, ओठाला वारा चटकन कळतो. तरीही नाही सापडलं तर घमेल्यात पाणी. बुडबुडे दिसले की जागा बोटाने दाबून धरा, ट्यूब पुसा, कोरडी करा आणि मगच पेन लावा. ओल्या रबरावर ना खडू उमटतो ना पेन.

इथे बहुतेक जण भोकाभोवती छोटा गोल काढतात. मीही काढायचे. पण पॉलिश पेपरने घासलं की तो गोल पुसला जातो आणि भोक पुन्हा हरवतं. त्यापेक्षा मोठी अधिकची खूण करायची, भोक नेमकं मध्यावर आणि चारही रेघा पॅचच्या बाहेर जातील एवढ्या लांब. घासल्यावर मधली शाई जाते (जायलाच हवी, शाईवर सोल्युशन नीट धरत नाही) पण टोकं उरतात. त्या टोकांवरून मध्य काढता येतो आणि पॅच तिरका बसत नाही.

पण पॅच लावायच्या आधी थांबा, कारण भोक कुठे आहे यावरून ते कशाने पडलं हे कळतं. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, काच, तार, खिळा. आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर रस्त्यावरचा काटा शोधण्यात वेळ घालवू नका. आऱ्याचं टोक निपलच्या (आरा रिमला धरणाऱ्या बारीक नटाच्या) वर आलंय किंवा रिमवरची रबरी पट्टी सरकली आहे. शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेला टायर दबून ट्यूब रिममध्ये चिमटली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर ती गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे येतेच.

आता ट्यूब टायरवर धरायची. व्हॉल्व्ह खडूच्या रेघेसमोर, बाण चेनकडे. ट्यूबवरची अधिकची खूण टायरच्या ज्या भागासमोर येते, तिथे टायरवर खडूने जाड रेघ मारा. चोर त्या रेघेच्या आगेमागे चार बोटांत असतो. ट्यूब फुगलेली असल्याने अंतर थोडं वाढलेलं असतं, म्हणून चार बोटांची सूट. बाणावर भरवसा नसेल तर व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच अंतरावर एक रेघ मारून दोन्ही जागा बघा.

त्या जागी टायर आतून उलटा वाकवा आणि कापसाचा बोळा फिरवा, दोन्ही दिशांनी. बोट नको. एक तर बोटाला कापतं, आणि बारीक टोक बोटाला जाणवत नाही. कापसाचा तंतू अडकतोच. कापूस नसेल तर जुना नायलॉनचा पायमोजा हातात घालून फिरवा. आमची तार अशीच सापडली: कापसाचा एक धागा मागे राहिला, त्या जागी टायर दुमडला, आणि तारेचं टोक चमकलं. नेलकटरच्या टोकाने उपसली. सराट्याचा काटा असेल तर तो बहुतेक बाहेरून मोडलेला असतो आणि टोक आत राहतं. त्याला बाहेरून सुईने आत ढकला आणि आतून चिमट्याने ओढा. बाहेरूनच उकरत बसलात तर तो आणखी आत जातो.

एक काटा सापडला म्हणून आनंदाने टायर चढवू नका. कापूस पूर्ण टायरभर फिरवा. सराटे एकटे येत नाहीत.

भोक रिमच्या बाजूला असेल तर हीच युक्ती रिमवर. व्हॉल्व्हच्या भोकापासून मोजत त्या जागेचा आरा शोधा आणि त्याला टेपचा तुकडा गुंडाळून ठेवा, कारण रिमची पट्टी काढली की सगळे आरे सारखेच दिसतात. टोक वर आलं असेल तर कानशीने घासा. पट्टी सुकलेली किंवा सरकलेली असेल तर बदला. जुन्या ट्यूबची पट्टी कापूनही चालते, पण तिची रुंदी रिमच्या खोबणीत बरोबर मावेल अशी हवी. फार रुंद झाली तर टायरच्या कडेखाली येते आणि टायर नीट बसत नाही.

पॅचबद्दल एकच सांगते, कारण बाकी सगळ्यांना येतं. सोल्युशन लावल्यावर त्याची चमक जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, काही करू नका. ओल्यावर पॅच दाबला तर कडा सुटतात आणि आठवड्याने हवा पॅचखालून जाते. मग आपण म्हणतो, पुन्हा पंक्चर झालं. पंक्चर झालेलं नसतं.

पॅच वाळला की मी त्यावर पेनाने तारीख आणि एक अक्षर लिहिते. का म्हणजे काटा, आ म्हणजे आरा, ह म्हणजे हवा कमी होती. आमच्या एका ट्यूबवर ह, ह, ह असं लागोपाठ तीनदा आलं तेव्हा मुलाला काही बोलावं लागलं नाही. तो आपणहून पंप घेऊन बसला. त्याच्या टायरच्या कडेवर ४० ते ६५ पीएसआय असं छापलेलं आहे आणि तो अंगठ्याने दाबून “भरपूर आहे की” म्हणायचा. अंगठ्याला वीस आणि चाळीस यांतला फरक फारसा कळत नाही.

व्हॉल्व्ह तिरका होतोय?

व्हॉल्व्ह रिममधून सरळ न येता एका बाजूला कललेला दिसला तर ट्यूब लवकरच बुडाशी फाटणार असं समजा. आणि ती जागा पॅच घेत नाही, ट्यूब फेकावी लागते. माझ्या सायकलच्या दोन ट्यूब अशा गेल्या. दुकानदार म्हणाला ट्यूबच खराब आली असेल. तिसरी घातली तेव्हा टायरच्या कडेवरून रिमवर येणारी एक सलग रेघ मारली. आठ दिवसांनी टायरवरची रेघ एकीकडे आणि रिमवरची दुसरीकडे, मध्ये चांगलं बोटभर अंतर. म्हणजे टायर रिमवर घसरत होता आणि ट्यूबला सोबत ओढत होता. व्हॉल्व्ह मात्र भोकात अडकलेला, मग फाटणार नाही तर काय! कारण तेच, हवा कमी. मागे कॅरिअरवर गॅसची छोटी टाकी नाहीतर पिठाची पिशवी असायचीच. हवा छापील आकड्याइतकी ठेवायला लागले तेव्हापासून रेघ सलग आहे.

पंक्चर नाही, तरी रात्रीत हवा उतरते, असं असेल तर चाक फिरवून व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणा, म्हणजे त्याचं तोंड खाली येतं, आणि पाण्याची वाटी त्याच्या खालून वर धरा. बुडबुडे आले तर ट्यूब उघडायचीच नाही. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये आत वॉलट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी असते. ती उन्हाने तडकते. कात्रीने नवी कापून, थुंकी लावून चढवायची, झालं. अण्णांच्या सायकलचं निम्मं दुखणं एवढ्यावरच बरं होतं.

मागचं चाक परत लावताना

बिनगिअरच्या सायकलचं मागचं चाक काढलं की परत लावताना हमखास दोन गोष्टी बिघडतात: चेन सैल राहते किंवा चाक एका बाजूला घासतं. याचं कारण एवढंच की ॲक्सल ज्या खाचेत बसतो ती लांब असते, आणि आधी तो कुठे होता हे कुणी पाहिलेलं नसतं. नट सैल करण्याआधी वायसरच्या कडेला, फ्रेमवर, दोन्ही बाजूंना नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. वाळायला दोन मिनिटं द्या. परत लावताना वायसर रेघेला टेकवलं की चेनचा ताण आणि चाकाचा मध्य दोन्ही आपोआप जागेवर. चेन झिजत जाईल तसं वर्षाकाठी चाक जरा मागे घ्यावं लागतं, तेव्हा जुनी रेघ तशीच ठेवून नवी मारते. माझ्या सायकलवर आता तीन रेघा आहेत. चेनने तीन वर्षांत किती अंग सोडलं ते बघायला पट्टी लागत नाही.

कटकट: ताल मोजा

कटकट, टकटक, कर्रर्र. यातला कुठलाही आवाज दुकानात नेमका येत नाही. तिथे सायकल गुणी बाळासारखी वागते. आणि घरी आपण ऐकतो तेव्हा आवाज कुठून येतो ते सांगता येत नाही, कारण फ्रेम पोकळ आहे, मागचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. कानावर विसंबू नका. किती वेळाने येतो ते मोजा.

तीन खुणा करायच्या. एका क्रँकला (पायडल जिला लागतं त्या दांडीला) टेप. चेनच्या एका कडीवर नेलपॉलिशचा ठिपका. मागच्या टायरवर खडूची आडवी रेघ. सायकल उलटी करून हाताने पायडल फिरवा, नाहीतर मोकळ्या रस्त्यावर कुणाला तरी शेजारून चालायला सांगा, कारण काही आवाज वजन पडल्याशिवाय येत नाहीत.

अण्णांच्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत, मागच्या फ्रीव्हीलला १८, आणि चेनला ११२ कड्या. पायडलचा एक फेरा झाला की चेन ४४ कड्या पुढे जाते आणि मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चेन स्वतः पूर्ण एक चक्कर मारून यायला पायडलचेही जवळपास अडीच फेरे लागतात. आता आवाज ऐका. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, आणि दरवेळी क्रँक त्याच जागी असताना येत असेल, तर दोष क्रँक, पायडल, मधली ॲक्सल किंवा पुढच्या चक्राचा वाकडा दाता यांतच. पायडलच्या एका फेऱ्यात दोन-तीनदा येत असेल आणि पाय थांबवले तरी चालूच राहत असेल, तर चाक: टायरमध्ये अडकलेला खडा, सैल आरा, हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, छर्रे. आणि अडीच फेऱ्यांनी एकदा येत असेल, एकदा टेपवाली क्रँक वर असताना, पुढच्या वेळी खाली असताना, तर चेनची एखादी कडी आखडलेली आहे.

आमची अशीच निघाली. आवाज आला की थांबायचं आणि ठिपका कुठे आहे ते बघायचं. तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा ठिपका पुढच्या चक्राच्या खाली. मग चेन हळूहळू उलटी फिरवत फ्रीव्हीलपाशी नजर ठेवली. ठिपक्यापासून कितीतरी कड्या लांब एक कडी दात्यावरून सुटताना सरळ होत नव्हती, कोपर वाकवून बसल्यासारखी. तिला खडू लावला, तेलाचा थेंब टाकला आणि दोन्ही हातांनी आडवी हलकेच मागेपुढे वाकवली. पाच मिनिटांचं काम. यासाठी दोन महिन्यांपूर्वी पायडल बदलून झालं होतं.

आवाजाला काही तालच नसेल आणि चढावर जोर लावला की चेन दात्यांवरून सटकत असेल, तर टेप घ्या, मोजायचा. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर नवेपणी बरोबर अर्धा इंच असतं. एका पिनवर ठिपका द्या, तिला एक धरून पंचविसाव्या पिनवर दुसरा. मधलं अंतर १२ इंच भरायला हवं. कंपासपेटीतली पट्टी पुरत नाही, आणि ३० सेंटीमीटरची पट्टीही थोडी कमी पडते, म्हणून पोलादी टेपच. पायडलवर हलका दाब ठेवून वरची चेन ताणलेली असताना मोजा. १२ इंचाच्या वर अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेली असेल तर चेन बदला. पूर्ण एक सूत गेली असेल तर नुसती चेन बदलून भागत नाही, फ्रीव्हीलचे दाते तिच्याबरोबर झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर जास्तच उड्या मारते. चेन बरोबर भरली आणि तरी पायडल मोकळं सटकतं, तर फ्रीव्हीलमधली कुत्री, म्हणजे आतले खटके, धरत नाहीत. तिथे मी हात घालत नाही. एकदा घातला होता, बारीक छर्रे अंगणभर झाले.

काळ्या सायकलवाल्यांसाठी एक जादाचं. दर फेऱ्याला ‘टक्’ होऊन पाय जरासा निसटल्यासारखा वाटत असेल तर कॉटर, म्हणजे क्रँक ॲक्सलवर पक्की धरणारी खीळ, बघा. क्रँक आणि मधल्या ॲक्सलचं टोक या दोन्हींवरून जाणारी नेलपॉलिशची एक रेघ मारा आणि दोन दिवस चालवा. रेघ तुटली म्हणजे क्रँक ॲक्सलवर हलतेय, कॉटर झिजलाय. नुसता नट आवळून उपयोग नाही, आटे जातात. कॉटर हातोडीने आत बसवायचा असतो आणि नट त्याला फक्त धरून ठेवतो.

आउट

चाकाचा आउट काढायला दुकानात चाक स्टँडवर लावतात. घरी सायकल उलटी उभी केली की तोच स्टँड. खडू ब्रेकच्या दांडीवर टेकवून स्थिर धरा, चाक फिरवा आणि खडू हळूहळू रिमजवळ न्या. रिम जिथे बाहेर आली असेल तिथेच तो घासतो, बाकी रिम कोरी राहते. दुसऱ्या बाजूने दुसऱ्या रंगाचा खडू. दोन मिनिटांत चाकाचा नकाशा तयार होतो.

मग आरे छेडायचे, तंबोऱ्यासारखे. एकाच बाजूचे आरे एकमेकांशी ताडून बघा. गिअरच्या सायकलला मागच्या चाकाचे उजवे आरे डाव्यांपेक्षा जास्त ताणलेले असतात, त्यांचा सूर वेगळाच लागणार. ‘टण’ ऐवजी ‘ठप’ करणारा आरा सापडला आणि तो खडूच्या डागापाशीच असला तर निदान झालं.

रिम उजवीकडे आली असेल तर त्या जागेचे हबच्या डाव्या बाजूला जाणारे आरे ताणायचे, उजवे तेवढेच सैल. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. दिशेत सगळ्यांचाच गोंधळ होतो, माझा तर दरवेळी. टायरच्या बाहेरून हबकडे पाहिलं तर निपल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्यावर आरा ताणतो. सायकल उलटी असताना आपण कधी वरून बघतो, कधी खालून, म्हणून मी टेपच्या तुकड्यावर बाण काढून तो आधीच रिमवर चिकटवते. ज्या निपलला पाना लावला त्याला पेनाचा ठिपका, म्हणजे किती फिरवला ते चुकत नाही आणि बिघडलंच तर परत फिरता येतं. मग खडू पुसा, पुन्हा फिरवा, पुन्हा बघा. ब्रेकचं रबर रिमला जिथे लागतं तिथला खडू शेवटी ओल्या फडक्याने नीट काढा.

काढलेला आउट महिन्याभरात त्याच जागी परत आला तर आरे ताणत बसू नका. रिमच खड्ड्यात आपटून वाकली असेल, तर आऱ्यांनी ती तात्पुरती ओढून धरता येते, सरळ होत नाही. आणि मागच्या चाकाचे फ्रीव्हीलच्या बाजूचे आरे एकापाठोपाठ तुटत असतील, तर तुटलेल्या प्रत्येक आऱ्याची जागा आणि तारीख रिमवर लिहून ठेवा. तीन झाले की बाकीचेही थकलेत असं समजून त्या बाजूचे सगळे बदलून घ्या. दर महिन्याला एक बदलण्यापेक्षा तेच स्वस्त पडतं.

उरलेलं, भराभर

सीट खाली जाते: सीटच्या दांडीवर फ्रेमच्या अगदी वर टेप गुंडाळा. चार दिवसांनी टेपची खालची कड आत गेलेली दिसली तर दांडी खरंच सरकतेय. आधी दांडी काढून तिच्यावरचं आणि नळीतलं तेल पुसा, मग बोल्ट आवळा. तरीही सरकत असेल तर दांडी नळीपेक्षा बारीक आहे, बदलावी लागेल. टेप जागेवरच असेल आणि सीट खाली गेल्यासारखी वाटत असेल, तर सीटचं नाक झुकलंय, खालचा क्लॅम्प बघा. एकच सायकल दोघं चालवत असाल तर दोन रंगांच्या टेप. दांडीवर कमीत कमी एवढी आत हवी अशी कोरलेली रेघ असते, ती कधीही बाहेर दिसता कामा नये.

ब्रेक आठवड्याला सैल होतो: वायर जिथे बोल्टखालून बाहेर येते, बरोबर तिथे वायरवर नेलपॉलिश. ठिपका बोल्टखाली ओढला गेला तर वायर निसटतेय, बोल्ट आवळा. ठिपका जागेवर असेल तर रबर झिजलंय किंवा वायरचं बाहेरचं कव्हर दबतंय, बोल्टला उगाच शिक्षा नको.

कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, क्रँकचे नट: आवळल्यावर नट आणि त्याखालचा पत्रा या दोन्हींवरून एक रेघ. कारखान्यांत आणि रेल्वेच्या डब्यांखाली नटांवर रंगाच्या रेघा दिसतात त्या यासाठीच. रोज पाना फिरवायची गरज नाही, रेघ तुटलेली दिसेल तेवढाच नट आवळायचा.

डावं पायडल परत परत सुटत असेल तर आधी ते डावंच आहे ना ते बघा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आवळायला घड्याळाच्या उलट फिरवावं लागतं. चुकून उजवं पायडल जोर लावून चढवलं असेल तर क्रँकचे आटे गेले आणि आता कुठलंच पायडल तिथे टिकणार नाही. पायडल काढल्या काढल्या त्यावर डा आणि उ लिहून ठेवते.

नेलपॉलिशची चुकलेली रेघ फ्रेमवरून काढायला रिमूव्हर वापरू नका. सुरुवातीला मी वापरलं. रेघ गेली, तिच्याबरोबर माझ्या सायकलचा चिंचेच्या बोटुकाएवढा लाल रंगही गेला. वाळलेली पॉलिश नखाने खरवडून निघते. नाहीच निघाली तर राहू द्या.